नोकरी सोडून सेवेत यावे काय?

प्रश्न : पाळकसाहेब, प्रभूच्या नावात सलाम. मी २६ वर्षांचा असून बँकेत नोकरीस आहे. वर्षभरापासून प्रार्थनेत मन रमते, पण बँकेतील काम निरर्थक वाटू लागले आहे. नोकरी सोडून सेमिनरीत, म्हणजे पाळक होण्याचे शिक्षण देणाऱ्या संस्थेत जावे, असे हे देवाचे पाचारण असेल काय? घरी अद्याप बोललो नाही.
– एक वाचक, अहिल्यानगर

उत्तर : तुमच्याच वयाचा विल्यम विल्बरफोर्स हा ब्रिटिश खासदार डिसेंबर १७८५ मध्ये लंडनचे पाळक जॉन न्यूटन यांच्याकडे अशीच घालमेल घेऊन गेला होता. भेट गुप्त राहावी अशी त्याची विनंती होती, आणि घराजवळ पोहोचूनही आत शिरण्याआधी तो चौकातच घुटमळला. न्यूटन यांनी, जे पूर्वी स्वतः गुलामांच्या जहाजाचे कप्तान होते, त्याला संसदेतच राहण्याचा सल्ला दिला. पुढे त्याने गुलामांच्या व्यापाराविरुद्ध लढा उभारला. २४ फेब्रुवारी १७९१ रोजी, मृत्यूच्या सहा दिवस आधी, मेथडिस्ट पंथाचे संस्थापक, ८७ वर्षांचे जॉन वेस्ली यांनी त्याला पत्र लिहिले, त्यात खोटा दिलासा नव्हता : देवाने तुला याच कामासाठी उभे केले नसेल तर माणसांच्या आणि सैतानांच्या विरोधाने तू झिजून जाशील, पण देव तुझ्या बाजूला असेल तर तुझ्याविरुद्ध कोण? त्याच वर्षी हा व्यापार बंद करण्याचा त्याचा ठराव संसदेत फेटाळला गेला आणि तसा कायदा व्हायला १८०७ साल उजाडले. मिशनऱ्यांना हिंदुस्थानात वाट देणाऱ्या ईस्ट इंडिया कंपनीच्या १८१३ च्या सनदी कायद्यासाठीही हाच खासदार झटला. तो पाळक झाला असता तर हे काम त्याच्या हातून झाले असते, असे मला वाटत नाही.

तुमच्या पत्रात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र आल्या आहेत. प्रार्थनेची ओढ खरी असावी; कामाच्या कंटाळ्याविषयी मात्र मी साशंक आहे, कारण सेमिनरीतही परीक्षा असतात आणि चर्चच्या मंडळीतही हिशेब व लांबलचक सभा असतात. म्हणून तूर्त राजीनामा देऊ नका. तुमच्या पाळकांना भेटून वर्षभर संडे स्कूलचा वर्ग किंवा आजाऱ्यांच्या भेटींचे काम मागून घ्या, आणि तुम्हाला ते काम करताना पाहणाऱ्या वडीलधाऱ्यांना त्यांचे मत विचारा, कारण पाचारणाची पारख एकट्याने करायची नसते. त्यानंतरही ओढ तशीच राहिली तर सेमिनरीच्या अर्जासाठी मला अवश्य लिहा. आईवडिलांशी मात्र याच आठवड्यात बोला.