गणित लिहायला एडिटर कोणता घ्यावा?

लाटेक, म्हणजे कोड लिहून सूत्रांसकट पानं तयार करायची पद्धत, नव्याने शिकताय ना? मग आधी काहीही इन्स्टॉल करू नका. ब्राउझरमध्ये ओव्हरलीफ हा ऑनलाइन लाटेक एडिटर उघडा. डावीकडे कोड, उजवीकडे तयार पान. ऑटो कम्पाइल (कोडवरून आपोआप पान तयार करणं) चालू ठेवलं की टायपिंग थांबताच पान आपोआप बदलतं. फुकटच्या खात्यात कम्पाइलला वेळेची मर्यादा असते, त्यामुळे आकृत्यांनी भरलेला प्रबंध तिथे अडकू शकतो.

तेव्हा टेकस्टुडिओ या संगणकावर बसवायच्या एडिटरकडे वळा. तो मोफत आहे, पण नुसता एडिटर पुरत नाही. सोबत टेक लाइव्ह किंवा मिकटेक, म्हणजे प्रत्यक्ष लाटेक चालवणारा संच, बसवावा लागतो. सूत्रावर माउस नेला की तेवढ्याच सूत्राचं चित्र दिसतं. लांबलचक मॅट्रिक्स लिहिताना याचं मोल कळतं, कारण एक कंस तपासायला अख्खी फाइल कम्पाइल करावी लागत नाही.

माझ्या मते सिंकटेक, म्हणजे पीडीएफ आणि कोड यांना जोडणारी सोय, नसलेला एडिटर घेऊच नये. टेकस्टुडिओत पीडीएफमधल्या ओळीवर कंट्रोल दाबून क्लिक केलं की कर्सर थेट कोडमधल्या त्या जागी जातो. ओव्हरलीफमध्ये त्यासाठी डबल क्लिक.

मार्कडाउन (साध्या खुणांनी मजकूर सजवायची पद्धत) एडिटरमधला प्रिव्ह्यू फार झटपट असतो, पण तो बहुधा काटेक किंवा मॅथजॅक्सवर चालतो. ही साधनं सूत्रांपुरतीच. टिकझेडच्या, म्हणजे लाटेकमध्ये कोडने काढलेल्या, आकृत्या त्यात अपेक्षू नका.

आणि मराठीत लिहिणार असाल, तर कम्पाइलर झीलाटेक निवडा आणि नोटो सेरिफ देवनागरीसारखा फॉन्ट द्या. पीडीएफलाटेक या दुसऱ्या कम्पाइलरवर युनिकोड देवनागरीची जोडाक्षरं नीट जुळत नाहीत. ओव्हरलीफच्या सेटिंग्जमध्ये हा बदल लगेच करता येतो.