टपालपेटी : नोंदवहीतली आणि तळघरातली

ऐरोलीहून एका वाचकांनी विचारलं आहे : ‘आमच्या विद्यापीठाच्या तळघरातल्या जुन्या सामानाचं निर्लेखन करायचं आहे. जडवस्तू नोंदवहीत भौतिकशास्त्र विभागाच्या पानावर “टपालपेटी – 4 नग” अशी नोंद आहे. पोस्टाची पेटी एकही सापडली नाही. सापडल्या त्या चार जड लाकडी पेट्या. वर काळी फळी, फळीवर पितळी ठोकळ्यांच्या रांगा, ठोकळ्यांच्या मधे गोल भोकं आणि त्यांत बसवलेल्या खुंट्या. या कशासाठी आहेत ते सध्याच्या कर्मचाऱ्यांपैकी कोणालाच सांगता येईना. टपालपेटी या शब्दाला मराठीत काही वेगळा अर्थ आहे का? आणि नव्या यादीत काय लिहावं, तेही पुल्लिंगी की स्त्रीलिंगी?’ सोबत पेटीचं आणि नोंदवहीच्या पानाचं छायाचित्रही आहे.

तुमची टपालपेटी सापडली आहे. नोंदवहीतले चार नग म्हणजे तळघरातल्या त्याच चार लाकडी पेट्या. प्रयोगशाळेत त्यांना ‘पीओ बॉक्स’ म्हणतात आणि पूर्ण नाव ‘पोस्ट ऑफिस बॉक्स’. तारेचा किंवा कोणत्याही वाहकाचा रोध, म्हणजे विजेच्या प्रवाहाला होणारा अडथळा, मोजण्याचं हे साधन आहे. ठाण्यात पदवीला असताना मी ते हाताळलं आहे, त्यामुळे छायाचित्र पाहताक्षणी ओळख पटली.

टपालपेटीला मात्र मराठीत असा अर्थ नाही. बोलताना आपण ‘पोस्टाची पेटी’ म्हणतो, लिहिताना टपालपेटी किंवा पत्रपेटी. पत्त्यात ‘पोस्ट बॉक्स नंबर’ येतो, तोही टपालपेटी क्रमांक होतो. या तिन्हींचा पत्राशी संबंध आहे, विजेशी कोणाचाच नाही. मग हा शब्द तिथे आला कसा? त्याचं उत्तर तुम्ही पाठवलेल्या पानावरच आहे. तीन ओळी खाली ‘प्रवासी सूक्ष्मदर्शक’ अशी नोंद दिसते. तो ट्रॅव्हलिंग मायक्रोस्कोप, म्हणजे आखलेल्या पट्टीवर मागेपुढे आणि वरखाली सरकणारा सूक्ष्मदर्शक. केशनळीचा व्यास वगैरे मोजायला वापरतात. ‘चल सूक्ष्मदर्शक’ म्हटलं असतं तर काम भागलं असतं. म्हणजे या पानावर एकच हात फिरला आहे. त्या लेखनिकाने इंग्रजी वही समोर ठेवून नावं शब्दशः मराठीत उतरवली आणि ‘पी. ओ. बॉक्स’ची टपालपेटी झाली. वस्तू बहुधा त्याच्यासमोर नव्हत्या, फक्त नावं होती.

त्या माणसाबद्दल मला आदरच वाटतो. महाराष्ट्राचा राजभाषा अधिनियम 1964 चा आहे. त्यानंतर कचेऱ्यांतल्या वह्या मराठीत आणायचं काम अशा कितीतरी निनावी लेखनिकांनी केलं. ‘डेड स्टॉक रजिस्टर’ला ‘जडवस्तू नोंदवही’ आणि ‘राइट ऑफ’ला ‘निर्लेखन’ हे शब्द त्याच काळाच्या प्रयत्नांतले आहेत आणि दोन्ही चांगले आहेत. निर्लेखन म्हणजे लिहिलेलं काढून टाकणं. वस्तू भंगारात जाते ती नंतर, आधी ती वहीतून जाते, हा क्रम त्या शब्दात नेमका आला आहे. अडचण शब्दशः भाषांतराची नाही. काही नावं वस्तूचं वर्णन करतात, काही नावं ती कुठून आली एवढीच खूण सांगतात. वर्णनाचं भाषांतर होतं, खुणेचं होत नाही. येवल्यात विणलेली साडीही पैठणीच असते, कारण ते नाव आता गावाचा पत्ता सांगत नाही, विणीची जात सांगतं. पोस्ट ऑफिस बॉक्स हे दुसऱ्या प्रकारचं नाव आहे.

ही खूण कुठली, ते सविस्तर सांगण्यासारखं आहे. ब्रिटनमध्ये तारायंत्राचा धंदा सुरुवातीला खाजगी कंपन्यांकडे होता. 1870 साली तो सरकारने ताब्यात घेतला आणि पोस्ट ऑफिसकडे सोपवला. एकाएकी हजारो मैलांच्या तारा पोस्टाच्या अभियंत्यांच्या गळ्यात पडल्या. तार तुटली, खांबावरून घसरून जमिनीला टेकली, शेजारच्या तारेला चिकटली, तर बिघाड नेमका कुठे आहे ते शोधायचं कसं? माणसं पायी धाडायची तर दिवस जाणार. यावर उपाय रोध मोजण्याचा. एकसारख्या तारेचा रोध तिच्या लांबीच्या प्रमाणात वाढतो. समजा ठाणे ते कल्याण तार टाकली आहे आणि मुंब्र्याजवळ ती जमिनीला टेकली. एका मैलाच्या तारेचा रोध ठाऊक असेल आणि ठाण्याच्या टोकाला बसून बिघाडापर्यंतच्या तारेचा रोध मोजता आला, तर नुसत्या भागाकाराने मैल कळतो. प्रत्यक्षात जमिनीशी झालेल्या स्पर्शाचाही रोध मधे लुडबुडतो, म्हणून शेजारची धड तार पलीकडच्या टोकाला जोडून वेटोळं करतात आणि तो रोध हिशेबातून बाहेर काढतात. मरे आणि व्हार्ली यांच्या नावाच्या चाचण्या त्याच. हे सगळं उचलून नेता येईल अशा एका पेटीत बसवलं, ती पोस्ट ऑफिस बॉक्स.

आपल्याकडे तर टपाल आणि तार ही त्या काळात वेगवेगळी खाती होती. ती एक झाली 1914 साली. म्हणजे जे काम विलायतेत पोस्टाचे अभियंते या पेटीने करत, ते इथे तारखात्याचं होतं आणि टपालखात्याचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. टपालपेटी हा शब्द म्हणून दुहेरी फसवतो : वस्तूबद्दल आणि आपल्याकडच्या इतिहासाबद्दलही. टपाल हा शब्द मराठी, कन्नड, तेलुगू, तमीळ या पट्ट्यातला. उत्तरेत त्यालाच डाक म्हणतात. तार मात्र सगळीकडे तारच होती. जुलै 2013 मध्ये ती सेवा बंद झाली आणि ‘तार आली’ या दोन शब्दांनी घरात पडणारा धसका आता पुढच्या पिढीला समजावून सांगावा लागतो.

आता पेटीकडे. ही मुळात व्हीटस्टन ब्रिज आहे. ही मांडणी 1833 साली सॅम्युअल हंटर ख्रिस्टी यांनी मांडली, 1843 मध्ये चार्ल्स व्हीटस्टन यांनी ती लोकांपुढे आणली आणि नाव त्यांचं चिकटलं. विजेला जायला दोन समांतर वाटा, प्रत्येक वाटेवर दोन रोध, आणि दोन्ही वाटांच्या मधोमध आडवा गॅल्व्हनोमीटर, म्हणजे बारीकसा प्रवाहही काट्याने दाखवणारं साधन. चार रोधांचं प्रमाण जुळलं की गॅल्व्हनोमीटरचा काटा हलत नाही. तीन रोध माहीत असले की चौथा निघतो.

तुमच्या पेटीवर पहिल्या रांगेत 10, 100, 1000 हे आकडे दोनदा असतील : मधून डावीकडे एकदा, उजवीकडे एकदा. या झाल्या प्रमाणाच्या दोन भुजा. उरलेल्या रांगा म्हणजे तिसरी भुजा; त्यांत 1 पासून 4000 किंवा 5000 पर्यंतचे आकडे असतील आणि एका भोकाजवळ ‘इन्फ’ असं इंग्रजीत कोरलेलं असेल, म्हणजे अनंत. पुढच्या कडेला दाबायच्या दोन कळा असतील, एक बॅटरीची आणि एक गॅल्व्हनोमीटरची. ओळख पक्की करायची तर उरलेल्या रांगांतल्या आकड्यांची बेरीज करा. ती 11110 आली की शंका घ्यायचं कारण नाही. 1, 2, 2, 5 अशी मांडणी असो की 1, 2, 3, 4 अशी, एकक, दशक, शतक, सहस्र मिळून बेरीज तीच येते. साधी रोधपेटी, म्हणजे रेझिस्टन्स बॉक्स, दिसायला हिची बहीण वाटते. पण तिला प्रमाणाच्या भुजा नसतात आणि बहुधा दोनच जोडखिळे, म्हणजे तार जोडायचे टर्मिनल, असतात.

नवख्याचा गोंधळ खुंटीपाशी होतो. खुंटी घातली की रोध वाढेल असं वाटतं, होतं उलटं. दोन पितळी ठोकळ्यांमध्ये फट आहे आणि फळीखाली त्या दोघांना जोडणारं तारेचं वेटोळं आहे. खुंटी म्हणजे ओढ्यावरचा साकव. साकव असला की विजेने सरळ पलीकडे जावं, काढला की वेटोळ्याचा लांबचा वळसा घ्यावा. म्हणून ‘50’ची खुंटी काढली की 50 ओहम मार्गात येतात; ओहम हे रोधाचं एकक. ‘इन्फ’च्या खाली वेटोळंच नाही, त्यामुळे ती खुंटी काढली की मार्ग तुटला. खुंटी घालताना नुसती दाबायची नाही, किंचित पिळून बसवायची, नाहीतर स्पर्श सैल राहून आकडा चुकतो. ‘प्लग’ला मराठीत खुंटी म्हणावं असं मला याच साधनावरून वाटू लागलं. तंबोऱ्याची खुंटीही पिळायचीच असते आणि पिळण्याचा अर्थ त्या शब्दाला चिकटूनच येतो. ‘की’ला कळ आहेच. ‘रेझिस्टन्स’ला पाठ्यपुस्तकांनी रोध रूढ केला आहे आणि तो हिंदीच्या प्रतिरोधापेक्षा सुटसुटीत आहे.

अचूकता पाहा. दोन्ही भुजा 10-10 ठेवल्या की तिसऱ्या भुजेचा आकडा तोच उत्तर. 1000 ला 10 असं प्रमाण घेतलं की तिसऱ्या भुजेचा शंभरावा भाग उत्तर म्हणून येतो, म्हणजे ओहमचा शंभरांश कळतो. दोन दशांश स्थळं मिळतात ती एका लाकडी पेटीतून, पडद्याशिवाय, नुसत्या पितळ आणि तारेच्या जोरावर. अशी वस्तू नुसत्या ‘जुनी पेटी, निरुपयोगी’ या शेऱ्याने गेली तर वाईट होईल.

वय ठरवण्याचा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण निर्लेखनाच्या यादीत तो येणारच. नवी मुंबईतली विद्यापीठं अलीकडची आहेत. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोचीच स्थापना 1970 ची. म्हणून पेट्या जुन्याच असतील किंवा नव्याच असतील असं दोन्हीकडून गृहीत धरू नका. एखाद्या जुन्या महाविद्यालयाकडून त्या आलेल्या असू शकतात. दुसरीकडे, पोस्ट ऑफिस बॉक्स भारतात स्वातंत्र्यानंतरही बनत राहिल्या आणि अंबाल्याच्या कारखान्यांनी देशभरच्या प्रयोगशाळांना अशी साधनं पुरवली. फळीवरची अक्षरं वाचा. ओहमच्या आधी ‘लीगल’ कोरलेलं असेल तर पेटी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाकडची, कारण लीगल ओहम हे एकक 1884 चं, आणि 1893 मध्ये त्याच्या जागी आंतरराष्ट्रीय ओहम आला. कृपया त्याचं ‘कायदेशीर ओहम’ करू नका. तीही खूणच आहे. नुसतं ‘ओहम’ असेल तर फळी पाहा. एबोनाइटची असेल तर कोपरा बोटाने जोरात चोळल्यावर गंधकाचा वास येतो, कारण एबोनाइट म्हणजे भरपूर गंधक घालून कडक केलेलं रबर. बेकेलाइट या नंतरच्या प्लॅस्टिकला तो वास नाही.

एबोनाइट उजेडात ठेवलं की हिरवट-तपकिरी होतं आणि त्याच्या पृष्ठभागावर आम्ल धरून विद्युतरोधक गुण कमी होतो. त्यामुळे अंधारं तळघर या पेट्यांना त्या बाबतीत मानवलं असणार. दमटपणा मात्र मानवलेला नसेल. आपल्या भागातली तळघरं पावसाळ्यात कशी भरतात ते सांगायला नको. 26 जुलै 2005 ला तर सगळ्यांनीच पाहिलं. लाकडावर पाण्याची रेघ दिसते का ते बघा. दिसली तर आतली वेटोळी भिजलेली असतील, आणि रेशीम गुंडाळलेल्या तारेत शिरलेला ओलावा लवकर जात नाही. पितळ काळवंडलं असेल तरी चिंच-राखेने घासू नका. राख फटीत बसते आणि खाली उतरलेलं पाणी वेटोळ्यांपर्यंत जातं. मऊ, कोरडं फडकं पुरे. घरातल्या विजेचा प्रवाह चुकूनही जोडू नका. ही वेटोळी एखाद-दोन व्होल्टच्या घटासाठी आहेत. तपासायची वेळ आली तर आधी बॅटरीची कळ दाबायची, मग गॅल्व्हनोमीटरची. उलटं केलं तर प्रवाह सुरू होतानाचा झटका काट्याला बसतो आणि समतोल असूनही तो हलतो.

नव्या यादीत काय लिहावं, याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. नुसतं ‘रोधपेटी’ लिहू नये, कारण ती निराळी वस्तू आहे आणि तुमच्याच वहीत तिची स्वतंत्र नोंद असेल. ‘पोस्ट ऑफिस पेटी’ हे पाठ्यपुस्तकात चालेल, पण भांडारात गफलत व्हायची भीती राहतेच. मी असं लिहीन : ‘पोस्ट ऑफिस बॉक्स, व्हीटस्टन ब्रिज प्रकारचा रोधमापक, खुंट्यांसह – 4 नग, जुन्या नोंदवहीत टपालपेटी’. शेवटचा तुकडा गाळू नका. जुन्या वहीतली ओळ आणि नवी ओळ जुळली नाही तर लेखापरीक्षणात तुमच्याकडे चार टपालपेट्या कमी आणि चार रोधमापक जास्त निघतील. खुंट्या मोजून त्यांचा आकडाही लिहा; त्या सुट्या होऊन हरवतात, आणि एकीची खुंटी दुसरीला नीट बसेलच असं नाही, कारण त्या निमुळत्या असतात आणि भोकानुसार घासून बसवलेल्या असतात.

लिंगाबद्दलही तुम्ही ओझरतं विचारलं होतं. मराठीत बॉक्स पुल्लिंगी आणि पेटी स्त्रीलिंगी. बोलताना वस्तू पेटीसारखी दिसते म्हणून ‘ती पीओ बॉक्स’ असंही ऐकू येतं, आणि वर मीही तसंच लिहून गेलो आहे. यादीत मुख्य शब्द ‘रोधमापक’ असल्याने पुल्लिंग ठेवा : ‘चार रोधमापक सापडले’.