कारखाना परदेशी गेला, आता मदत कुठे?

प्रश्न : माझा भाऊ ओहायोत कारखान्यात होता. काम मेक्सिकोला हलवलं आणि नोकरी गेली. त्याला 'ट्रेड अ‍ॅडजस्टमेंट असिस्टन्स' (परदेशी व्यापारामुळे नोकरी गेलेल्यांसाठीची अमेरिकी सरकारची मदत) मिळेल का?

उत्तर : नाही. १९७४च्या कायद्यातल्या या योजनेत १ जुलै २०२२पासून नव्या अर्जांची चौकशीच होत नाही. हा कामगारांवर अन्याय आहे.

भावाने आधी राज्याच्या बेरोजगारी भत्त्यासाठी लगेच अर्ज करावा. उशीर झालेले आठवडे सहसा बुडतात. मग कामावरून कमी केल्याचं पत्र घेऊन 'अमेरिकन जॉब सेंटर'मध्ये (सरकारी रोजगार केंद्रात) 'डिसलोकेटेड वर्कर', म्हणजे कामावरून कमी केलेला कामगार, म्हणून नोंदणी करावी. तिथून प्रशिक्षणाची फी मिळू शकते. मात्र संस्था राज्याच्या मान्य यादीत हवी, आणि मंजुरीआधी पैसे भरू नयेत. बरेचजण नेमके इथेच अडकतात, भरलेली फी सहसा परत मिळत नाही.