31 तारखेचं करायचं काय?

प्रश्न : सर नमस्कार, मी पीएचपीमध्ये (वेबसाइटसाठीची प्रोग्रामिंग भाषा) मासिक वर्गणीची एक छोटी सिस्टिम केलीय. मेंबरच्या तारखेला 'प्लस वन मंथ' करून पुढची ड्यू डेट काढतो. सगळं झकास चाललं होतं पण ज्यांनी 31 जानेवारी 2025 ला जॉइन केलं त्यांची पुढची तारीख डायरेक्ट 3 मार्च आली, फेब्रुवारी गायबच. हा पीएचपीचा बग आहे का?

उत्तर : बग नाहीये, पण पहिल्यांदा बघणाऱ्याला बगच वाटतो, मलाही वाटला होता. होतं काय, 'प्लस वन मंथ' म्हटलं की पीएचपी फक्त महिन्याच्या आकड्यात एक मिळवतं, दिवसाला हातच लावत नाही, म्हणजे झाली 31 फेब्रुवारी. आता अशी तारीखच नसते, पण एरर देण्याऐवजी ते हिशोब पुढे ढकलतं, फेब्रुवारीचे 28 दिवस संपले, उरले 3, म्हणून 3 मार्च. हेच 2024 मध्ये, लीप इयर होतं ना, तर 2 मार्च आली असती. आणि 31 मार्चला करून बघा, 1 मे येते. म्हणजे लोचा फक्त 29, 30, 31 या तारखांचा, आणि आपण टेस्टिंग करतो 10 नाहीतर 15 तारीख टाकून, मग सापडणार कसं!

बरेच जण यावर 'लास्ट डे ऑफ नेक्स्ट मंथ' लिहा म्हणून सांगतात. पीएचपी 5.3 पासून ते चालतं आणि 31 वाल्यांना ठीकच आहे, पण 30 तारखेला जॉइन झालेल्याला लावलंत तर त्याची मार्चची ड्यू डेट 31 होऊन बसेल. त्यापेक्षा जॉइन झाल्याचा दिवस, म्हणजे नुसता 31 किंवा 30 हा आकडा, वेगळ्या कॉलममध्ये ठेवा. पुढची तारीख काढताना आधी 'फर्स्ट डे ऑफ नेक्स्ट मंथ' वर जायचं, तिथे फॉरमॅटला (तारीख हवी तशी छापून देणारं फंक्शन) स्मॉल टी देऊन त्या महिन्यात दिवस किती ते विचारायचं, मग तो आकडा आणि मूळ दिवस यातला जो लहान तो सेटडेटला, म्हणजे तारीख बसवणाऱ्या फंक्शनला, द्यायचा. चार ओळींचं काम आहे. मूळ दिवस जपायचा का, तर मागच्या ड्यू डेटवरून पुढची काढत गेलात की 31 ची एकदा 28 झाली की ती कायमची 28 च, पुन्हा वर येत नाही.

आणि हो, हे करताना तारीख ठेवायला साधा डेटटाइम ऑब्जेक्ट वापरू नका, डेटटाइमइम्युटेबल म्हणजे न बदलणारा घ्या, पीएचपी 5.5 पासून आहे. साध्या डेटटाइमवर मॉडिफाय केलं की मूळ ऑब्जेक्टच बदलतो. मी एकदा सुरुवातीची तारीख आणि शेवटची तारीख एकाच ऑब्जेक्टवरून काढली आणि दोन्ही सेम का दिसताहेत म्हणून अख्खी दुपार घालवली. इम्युटेबलमध्ये उलटी चूक होते, मॉडिफाय करतो पण उत्तर व्हेरिएबलमध्ये घ्यायला विसरतो, पण ती निदान पटकन दिसते तरी.

प्रश्न : फॉर्ममध्ये युजर 05/04/2025 टाकतो म्हणजे 5 एप्रिल, पण सेव्ह होते 4 मे. आणि 25/04/2025 टाकलं की चक्क 1 जानेवारी 1970! स्ट्रटूटाइम (लिहिलेली तारीख वाचणारं पीएचपीचं फंक्शन) वापरलंय.

उत्तर : स्ट्रटूटाइम अंदाज लावतं, आणि त्याचा नियम असा की मध्ये तिरकी रेघ असली की अमेरिकन पद्धत, महिना आधी. तेच 05-04-2025 असं डॅश टाकून दिलंत तर दिवस आधी धरतं. पहिल्या केसमध्ये म्हणून 4 मे. दुसऱ्यात 25 वा महिना कुठून आणणार, तर ते फॉल्स, म्हणजे 'जमलं नाही', असं परत देतं, तुम्ही ते न बघता डेट फंक्शनला दिलं, त्याने फॉल्सचा शून्य केला, आणि शून्य म्हणजे 1 जानेवारी 1970, युनिक्स या संगणक प्रणालीची घड्याळं तिथूनच सेकंद मोजतात. स्क्रीनवर 1970 दिसलं की मागे कुठेतरी रिकामी किंवा न वाचता आलेली तारीख आहे, हे डोळे झाकून समजा.

युजरकडून आलेल्या तारखेला अंदाज नकोच. क्रिएटफ्रॉमफॉरमॅट वापरा आणि डी/एम/वाय (दिवस/महिना/वर्ष) असं स्वतः सांगा, त्यात वाय कॅपिटल. फॉरमॅटच्या सुरुवातीला उद्गारचिन्ह द्या, नाहीतर तारीख युजरची आणि वेळ आत्ताची असं खिचडी प्रकरण होतं आणि दोन तारखा सारख्या असून तुलना चुकते. इतकं करूनही कोणी 31/02 टाकली तर ती गुपचूप मार्चमध्ये जातेच, म्हणून तयार झालेली तारीख त्याच फॉरमॅटमध्ये परत छापून युजरच्या इनपुटशी जुळते का बघा, नाही जुळली तर परत पाठवा.

प्रश्न : पेजवर वेळ दाखवतोय पण मिनिटं सकाळपासून 11 वरच अडकलीत.

उत्तर : नोव्हेंबर चालू आहे ना? एच:एम लिहिलंय तुम्ही. स्मॉल एम म्हणजे महिना, मिनिटाला स्मॉल आय.

प्रश्न : लूपमध्ये 86400 सेकंद (म्हणजे 24 तास) मिळवत रोजच्या तारखा छापतो. क्लायंटच्या सर्व्हरवर टाइमझोन युरोप/लंडन आहे, तिथे 26 ऑक्टोबर 2025 दोनदा छापली गेली. माझ्या मशीनवर मात्र बरोबर येतं.

उत्तर : त्या रात्री तिकडे उन्हाळी वेळ संपून घड्याळं एक तास मागे गेली, म्हणजे तो दिवस 25 तासांचा होता. 26 च्या मध्यरात्रीत 24 तास मिळवले तर येते 26 चीच रात्री 11 ची वेळ, म्हणून तारीख रिपीट, आणि पुढच्या सगळ्या एक-एक दिवस मागे. मार्चमध्ये 23 तासांचा दिवसही येतो. सेकंद मिळवणं सोडा, 'प्लस वन डे' करा किंवा डेटपीरियडला (ओळीने तारखा देणारं पीएचपीचं साधन) एक दिवसाचं इंटर्व्हल म्हणजे अंतर देऊन फिरवा, ते कॅलेंडर बघून चालतं. आणि तुमच्या मशीनवरही टाइमझोन लंडनचा सेट करून एकदा तोच लूप चालवा, लगेच दिसेल.