वाचक विचारतात : गिरणीच्या गावात राहायला जावं का?

खानदेशातल्या जुन्या गिरणीगावांत परत जायचा किंवा नव्याने घर घ्यायचा विचार करणाऱ्या वाचकांची पत्रं बरीच साठली होती. त्यांतले पाच प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : काम आता घरूनच चालतं. अमळनेरला वडिलांचं घर आहे. मुलं म्हणतात, गिरणी बंद पडलेल्या गावात काय ठेवलंय? दुसऱ्या कुठल्याही तालुक्याच्या गावापेक्षा तिथे वेगळं काय मिळेल? — एक वाचक, पुणे

गिरणीचा पगार थांबला, पण गिरणीपायी गावात जे उभं राहिलं त्यातलं बरंचसं अजून चालू आहे, आणि रोजच्या जगण्याला तेच लागतं.

अमळनेर सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावर आहे. एका बाजूला जळगाव, दुसऱ्या बाजूला नंदुरबार आणि सुरत, आणि धुळं रस्त्याने तासाभराच्या अंतरावर. चाळीसगाव तर मुंबईच्या मुख्य मार्गावरचं जंक्शन, तिथून धुळ्याला फाटा जातो. कापसाच्या आणि कापडाच्या वाहतुकीने या स्थानकांना मोठं केलं. एवढ्या लोकवस्तीच्या इतर कितीतरी गावांना साधी एक गाडीही थांबत नाही.

शिक्षणाचंही तसंच. श्रीमंत प्रताप शेठ यांनी गिरणीतून मिळवलेला पैसा गावात घातला. साने गुरुजींनी १९२४ ते १९३० या काळात ज्या शाळेत शिकवलं ती प्रताप हायस्कूल, १९१६ सालचं तत्त्वज्ञान केंद्र, १९४५ सालचं प्रताप महाविद्यालय ही सगळी त्याची खूण. शाळेपासून पदवीपर्यंतचं शिक्षण मुलांना सायकलच्या अंतरावर मिळतं. वाचन-व्याख्यानांची सवयही गावाला जुनी आहे. ९७ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन २०२४ मध्ये इथेच भरलं.

आमच्या मते मात्र सगळ्यात मोठा फायदा कारागिरांचा. गिरणीने फिटर, टर्नर, वाइंडर घडवले. त्यांच्या हाताखाली शिकलेल्यांची वर्कशॉपं अशा गावांत अजून सापडतात. पंपाचा शाफ्ट झिजला तर शहरात नवा पंप घ्यायला सांगतात, इथे लेथवर बुश काढून बसवून देतात. मोटार जळाली तर रिवाइंडिंग होतं, म्हणजे आतली तार काढून नवी गुंडाळतात, मात्र काम देताना तीन गोष्टी बोलून घ्या. जुन्या तारेचा गेज आणि वेढे मोजून तेवढेच भरायचे. तार तांब्याचीच हवी, आणि जुन्या-नव्या तारेचं वजन समोर करायचं. वॉर्निश लावल्यावर मोटार भट्टीत नीट वाळवायची. दोन तासांत मोटार हातात पडली तर वॉर्निश आतून ओलंच असतं. मग वेढे थरथरतात, एकमेकांवर घासतात आणि महिन्या-दोन महिन्यांत मोटार पुन्हा जळते. पाणबुडी मोटारीची गोष्ट वेगळी. तिची तारच प्लॅस्टिकच्या वेष्टणाची असते आणि तिला वॉर्निश लागत नाही, म्हणून ते काम करणाराच कारागीर शोधा.

उणीव सांगायची तर रात्री-अपरात्रीच्या मोठ्या दुखण्याची. हृदयविकारासारख्या प्रसंगी धुळं किंवा जळगाव गाठावं लागतं. राहायला गेल्याच्या पहिल्याच आठवड्यात कोणत्या रुग्णालयात चोवीस तास अँजिओप्लास्टी होते, तिथे पोचायला किती वेळ लागतो आणि रात्री गाडी कोण काढेल, हे ठरवून कागदावर लिहून ठेवा. १०८ चा नंबर घरात सगळ्यांना पाठ हवा.

प्रश्न : जुन्या पेठेत मातीच्या धाब्याचं घर स्वस्तात मिळतंय. भिंती दोन फुटी आहेत. दलाल म्हणतो, वर सिमेंटचा कोबा टाकला की गळती कायमची बंद. घ्यावं का? — एक वाचक, नाशिक

भिंती चांगल्या असतील तर घर जरूर बघा. मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो, तेव्हा दोन फुटी भिंतीच्या खोलीत आणि स्लॅबच्या खोलीत किती फरक असतो ते दुपारी तीन वाजता आत उभं राहिलं की कळतं. कोबा मात्र टाकू नका.

कारण वजनाचं आहे. धाब्यात सागाच्या सऱ्यांवर, म्हणजे आडव्या तुळयांवर, फळ्या किंवा किलचण (लाकडाचे बारीक तुकडे), त्यावर पाला किंवा काड्या, आणि वर मातीचा थर असतो. एक फूट जाडीची कोरडी माती चौरस फुटाला साधारण ४५ किलो भरते. दहा बाय बाराच्या खोलीवर हे ओझं पाच टनांच्या पुढे जातं, ओल्या मातीचं आणखी जास्त. त्यावर कोबा म्हणजे ओझ्यावर ओझं. शिवाय लाकूड ऋतूप्रमाणे थोडं हलतं, माती फुगते-आकसते, पण सिमेंटला ते झेपत नाही. पहिल्याच वर्षी केसासारख्या चिरा पडतात. त्यातून पाणी आत जातं आणि वरून झाकलेलं असल्यामुळे वाळत नाही. सरे खालून धडधाकट दिसतात आणि वरून कुजत जातात.

घर बघायला जाताना पेचकस, हातोडी आणि सुतळी बरोबर ठेवा. सरा भिंतीत शिरतो तिथेच तो आधी कुजतो. तिथे पेचकस टोचून पाहा. जोर न लावता अर्धा इंच आत गेला तर तो सरा बदलायचा. हातोडीने ठोकल्यावर पोकळ आवाज आला किंवा भिंतीवर मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर वाळवी आहे. सऱ्याच्या दोन टोकांना सुतळी ताणून धरा. दहा फुटांत इंचाहून जास्त झोळ असेल तर खाली टेकू लावून अभियंत्याला दाखवल्याशिवाय व्यवहार करू नका. शेवटी वर चढून कडेला थर किती जाड आहे तेही मोजा. दरवर्षी जुनी माती न काढता नवी टाकत गेल्यामुळे कितीतरी घरांवर दीड-दोन फूट माती चढलेली असते.

दुरुस्ती मृगाच्या आधी, मेमध्ये उरकायची. वरचा निकामी झालेला दोन-तीन इंचाचा थर खरवडून खाली उतरवा. गवत मुळासकट काढा, कारण मूळ कुजलं की त्याच्या जागी पाण्याला वाट होते. पन्हाळीकडे दर पाच फुटांना निदान एक इंच उतार ठेवा. मग चाळलेली पांढरी खारी माती दोन इंच पसरा, संध्याकाळी पाणी शिंपडा आणि धुमसाने ठोकून बसवा. खाऱ्या मातीतल्या क्षारांमुळे ती ओली झाली की फुगते आणि आपलीच छिद्रं बंद करते, म्हणून पाणी खाली उतरत नाही. काळी माती वापरली तर उन्हात भेगा पडतात. मातीखाली प्लॅस्टिकचा कागदही घालू नका. त्याच्याखाली दमट राहून लाकूड कुजतं.

दरवर्षीचा खटाटोप नको असेल तर धाब्यावर पत्र्याचं छप्पर घाला. मधे दीड फूट मोकळी जागा आणि दोन्ही बाजूंना हवा जायला वाट हवी. पत्र्याचा सांगाडा सऱ्यांवर टेकवायचा नाही, भिंतींवर बसवायचा, आणि बांधणी पक्की हवी, कारण मे-जूनच्या वावटळीत पत्रे उडतात. पत्रा झाला की खालची माती सहा इंचांपर्यंत उतरवता येते. ओझं निम्म्याने कमी होतं आणि खोली थंडच राहते. खर्च एकदाच होतो, आम्ही हाच मार्ग सुचवू.

कागदपत्रांचं थोडक्यात : सिटी सर्व्हेचं मालमत्ता पत्रक काढा, त्यावर विकणाऱ्याचंच नाव आहे का आणि सगळ्या वारसांच्या सह्या मिळतात का ते बघा. वकिलाकडून मालकीचा ३० वर्षांचा शोध घ्या आणि सरकारी मोजणी करून घ्या. पेठेतली भिंत बहुधा सामाईक असते, तिचा उल्लेख खरेदीखतात चतुःसीमेसह हवा. गिरणीच्या चाळीतली खोली कुणी स्टॅम्पपेपरवर नोटरी करून देत असेल तर थांबा. जमीन कंपनीच्या, अवसायकाच्या (बंद कंपनीची मालमत्ता निकालात काढणाऱ्याच्या) की रहिवाशांच्या संस्थेच्या नावावर आहे ते कळेपर्यंत इसारही देऊ नका.

प्रश्न : पाण्याचं काय? रोज येत नाही असं ऐकलं. — एक वाचक, ठाणे

खानदेशातल्या बऱ्याच गावांत नळाला रोज पाणी येत नाही, हे खरं. पालिकेत विचारण्यापेक्षा गल्लीतल्या बायकांना विचारा, "मे महिन्यात किती दिवसांआड येतं आणि किती वेळ?" तो आकडा धरून टाकी बांधा. माणशी दिवसाला १३५ लिटर धरलं तर चौघांना पाच दिवसांसाठी २,७०० लिटर लागतात. आतून दीड मीटर लांब, रुंद आणि खोल हौद ३,३७५ लिटरचा होतो, म्हणजे एखादा दिवस उशीर झाला तरी अडत नाही. हौद संडासाच्या टाकीपासून लांब, तोंड जमिनीपेक्षा सहा इंच वर, आणि तळाला एका कोपऱ्यात गाळ काढायला खड्डा ठेवायचा.

नळाला थेट मोटार लावू नका. ते बेकायदा तर आहेच, पण जोडणी ढिली असेल तर गटाराचं पाणी आत ओढलं जातं. बोअरचं पाणी जड असतं, ते भांडी-धुण्याला ठेवा. कूलरमध्ये तेच वापरायचं असेल तर टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करा, नाहीतर गवताच्या ताट्यांवर क्षार बसून हवा अडते. कूलर लावताना समोरची खिडकी उघडी हवी. बंद खोलीत दमट हवा साचते आणि मग लोक म्हणतात कूलर चालत नाही.

प्रश्न : अमळनेरचं घर आवरताना वडिलांच्या पेटीत 'वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स'ची कागदी शेअर सर्टिफिकेटं सापडली. रद्दीच समजायची का? — एक वाचक, डोंबिवली

मुळीच नाही! हीच कंपनी पुढे विप्रो झाली. १९४५ च्या डिसेंबरात मोहम्मद हाशम प्रेमजी यांनी ती अमळनेरात वनस्पती तूप आणि तेलासाठी सुरू केली, आणि गावातल्या कितीतरी घरांनी तिचे शेअर घेऊन ठेवले. कागदावरचा आकडा आजचा नव्हे. दर्शनी किंमत पुढे विभागली गेली आणि बोनस अनेकदा मिळाला, अलीकडे २०१७, २०१९ आणि २०२४ मध्ये.

सर्टिफिकेटवरचा फोलिओ नंबर आणि नाव जसंच्या तसं उतरवून घ्या. शेअरच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपनीच्या रजिस्ट्रारला, म्हणजे केफिन टेक्नॉलॉजीजला, पत्र लिहून त्या फोलिओवर आज किती शेअर आहेत, कोणता लाभांश थकला आहे आणि शेअर सरकारी निधीकडे गेलेत का, हे विचारा. सलग सात वर्षं लाभांश घेतला नसेल तर शेअर गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे, म्हणजे आयईपीएफकडे वर्ग होतात. तिथून ते परत मिळतात. आधी कंपनीकडून हक्काचं पत्र घ्यायचं आणि मग आयईपीएफ-५ हा अर्ज ऑनलाइन भरायचा.

वडील हयात नसतील तर मृत्यूचा दाखला, नामनिर्देशन नसल्यास वारसाचे कागद आणि शेअर वारसाच्या नावे करण्याचा आयएसआर-५ अर्ज लागतो. पॅन, पत्ता, बँक यांच्या नोंदीसाठी आयएसआर-१ भरायचा. शेअर आता कागदावर हस्तांतर होत नाहीत, म्हणून डीमॅट खातं आधीच उघडून ठेवा. अडतं ते नावाच्या स्पेलिंगवर. सर्टिफिकेटवर एक, आधारवर दुसरं, दाखल्यावर तिसरं. ही सगळी नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र सुरुवातीलाच जोडलं तर दोन-तीन फेऱ्या वाचतात. टक्केवारी मागणाऱ्या एजंटाला मूळ सर्टिफिकेट किंवा कोरी सही देऊ नका. निधी स्वतः या अर्जाला शुल्क घेत नाही.

प्रश्न : वीज गेली तर घरून काम कसं करायचं? — एक वाचक, बंगळुरू

इन्व्हर्टर लावून घ्या. त्याची १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांची बॅटरी कागदावर १,८०० वॉट-तास देते, हाताशी येतात साधारण ११००. लॅपटॉप ६० वॉट, राउटर १५, साधा पंखा ७०, म्हणजे सात-साडेसात तास. पंखा ३० वॉटचा घेतला तर दहा तासांच्या पुढे जातं. बॅटरी उन्हाच्या भिंतीला लावू नका. उन्हाळ्यात दर महिन्याला पातळी बघून डिस्टिल्ड वॉटरच घाला. नळाच्या पाण्यातल्या क्षारांनी प्लेटा खराब होतात. फायबरच्या जोडीला दुसऱ्या कंपनीचं सिम ठेवा, आणि ज्या खोलीत बसणार तिथेच रेंज तपासा. दोन फुटी भिंतींच्या आत मोबाइलचा सिग्नल बराच कमी होतो, राउटरही त्याच खोलीत लागतो.