नव्या प्रिंटरला आयपी प्रिंटरवरून द्यावा की राउटरवरून?

प्रश्न: "नारायण पेठेत आमचं छोटं ऑफिस आहे. लाइट जाऊन आली की नवा नेटवर्क प्रिंटर 'ऑफलाइन' दाखवतो. त्याला कायमचा आयपी कसा द्यायचा?"

राउटरवरून. आयपी म्हणजे नेटवर्कमधला यंत्राचा पत्ता, त्याचे आकडे प्रिंटरच्या पॅनलवर बडवू नका. "आमचा माणूस सगळीकडे स्टॅटिकच टाकतो" (स्टॅटिक म्हणजे यंत्रावरच हाताने टाकलेला पक्का आयपी) हा युक्तिवाद मला पटत नाही. तो माणूस आकडे टाकून जातो, कुठे काय टाकलं ते कुणीच लिहून ठेवत नाही.

लाइट गेली की बरेच साधे राउटर कुणाला कोणता आयपी दिला होता ते विसरतात. मग प्रिंटरचा १९२.१६८.१.१०३ कुणाच्या तरी मोबाइलला जातो आणि कॉम्प्युटर बिचारा १०३ लाच प्रिंट पाठवत बसतो. प्रिंटरवर १६९.२५४ ने सुरू होणारा आकडा दिसला, तर त्याला डीएचसीपीचं, म्हणजे राउटरच्या आपोआप आयपी वाटणाऱ्या सोयीचं, उत्तरच आलेलं नाही. बहुधा राउटर उठायच्या आत प्रिंटर उठला.

प्रिंटरमधून नेटवर्क कॉन्फिगरेशनचा कागद काढा. त्यावर बहुतेकदा दोन मॅक अॅड्रेस (नेटवर्क जोडणीचा कारखान्यातून आलेला ओळख क्रमांक) असतात, एक केबलचा, एक वायफायचा. चुकीचा उचललात तर रिझर्व्हेशन (त्या मॅकसाठी राउटरमध्ये राखून ठेवलेला आयपी) दिसेल, चालणार मात्र नाही. राउटरमध्ये डीएचसीपीचा पूल, म्हणजे वाटायच्या आकड्यांचा पट्टा, १०० ते २०० (आयपीचा शेवटचा आकडा) ठेवा आणि रिझर्व्हेशनमध्ये तो मॅक आणि १९२.१६८.१.५० भरा. काही राउटर पूलबाहेरचा आकडा घेत नाहीत, तिथे पूलमधलाच द्या. प्रिंटर बंद-चालू करा. मग विंडोजमध्ये प्रिंटर प्रॉपर्टीज, पोर्ट्स इथे डब्ल्यूएसडी (विंडोज प्रिंटर आपणहून शोधतं तो पोर्ट) सोडून स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट १९२.१६८.१.५० वर करा. हे राहिलं तर बाकी सगळं वाया.

५० मोकळा आहे का ते आधी बघा. पिंगला (त्या आयपीला 'आहेस का?' विचारणारी कमांड) उत्तर नाही म्हणजे जागा रिकामी, असं नाही. विंडोजची फायरवॉल पिंग गिळते. पिंग मारून लगेच 'एआरपी -ए' (arp -a, कोणत्या आयपीवर कोणता मॅक दिसला त्याची यादी) द्या. ५० समोर मॅक दिसला, तर तिथे कुणीतरी बसलंय.

स्टॅटिकवाल्यांसाठी एकच उदाहरण. काही सीसीटीव्ही रेकॉर्डर कारखान्यातूनच १९२.१६८.१.१०८ घेऊन येतात, आणि बसवणारा तो तसाच ठेवतो. राउटरचा पूल १०० पासून, म्हणजे १०८ त्यातच. राउटर १०८ दुसऱ्याला देऊन बसला की कॅमेरे येतात-जातात, आणि आठवडाभर वायर बदलण्यात जातो.

हां, राउटर बदलला तर रिझर्व्हेशनही जातं, म्हणून सेटिंगचा बॅकअप घ्या. इंटरनेटवाला राउटरचा पासवर्डच देत नसेल, तर नाइलाजाने स्टॅटिक: पूलबाहेरचा आकडा, मास्क २५५.२५५.२५५.०, गेटवे म्हणून राउटरचा आयपी, आणि प्रिंटरवर चिकटपट्टीने तो आकडा.