प्रपोज करायला रेस्टॉरंट कसं निवडावं? आणि बुकिंग करताना त्यांना खरं कारण सांगावं का?

तुमच्या प्रश्नातला दुसरा भाग वाचला आणि राहवलं नाही, म्हणून हे उत्तर. सांगू नका. फोनवर तर अजिबात नाही.

मी सांगितलं होतं. 2015 सालची गोष्ट. माझा एक मित्र आहे, ज्याला प्रत्येक विषयातलं दोघांपुरतं कळतं. तो म्हणाला, "सगळं सांगून मोकळा हो. त्या लोकांना रोजची सवय असते, बरोबर सांभाळून घेतात." मी ऐकलं. फोन केला तोही संध्याकाळी साडेसातला, ऐन गर्दीत. पलीकडे भांड्यांचा खणखणाट, कुणीतरी कुणाला टेबल नंबर ओरडून सांगतंय, आणि इकडे मी ऑफिसच्या जिन्यात तोंडावर हात धरून "लग्नाचं विचारायचंय" हे तीनदा सांगतोय. तिसऱ्यांदा आवाज चढला तेव्हा वरच्या मजल्यावरून दोन डोकी खाली वाकली. "हो सर, लिहून घेतलं," तो म्हणाला. त्याने खरंच लिहून घेतलं होतं, आणि घोळ तिथेच झाला.

त्या दिवशी आम्ही पोचलो तर फोनवरचा माणूस सुट्टीवर. दाराशी विशीतला एक मुलगा, हातात टॅब, नवा असावा, कारण शर्टाच्या घड्या अजून मोडल्या नव्हत्या. त्याने माझं नाव शोधलं, बोट खाली सरकवलं, थांबला, आणि त्याचंच लग्न ठरल्यासारखा खुलला. "सर, प्रपोजलचं टेबल ना? या या, तयार आहे!"

ती शेजारीच सँडलचा पट्टा ओढायला वाकली होती. जरा जास्तच वेळ वाकलेली राहिली.

आत गेल्यावर आपण काही ऐकलंच नाही, असं आम्ही दोघांनी न बोलता ठरवून टाकलं. चाळीस मिनिटं! मेनूकार्ड मी ज्या बारकाईने वाचलं तसा परीक्षेचा पेपरही कधी वाचला नसेल. ती काटे-चमचे एका रेषेत लावायची, मोडायची, परत लावायची. टेबल किचनच्या झुलत्या दाराला लागून होतं. दार उघडलं की ट्यूबलाइटचा पांढरा पट्टा तिच्या तोंडावर, मिटलं की अंधार. मी घसा खाकरला की दार उघडलंच म्हणून समजा. त्यात खांबाआडून तीन वेटर आमच्यावर नजर ठेवून, आणि त्यातल्या एकाच्या हातात झाकलेला ट्रे, जो आम्ही मागवलेला नव्हता. शेवटी तीच म्हणाली, "हे बघ, माझं हो आहे. पण आधी इथून ऊठ."

अंगठी दिली ती पार्किंगमध्ये. हात थरथरत होते म्हणून डबी गाडीच्या बॉनेटवर ठेवून उघडली.

मित्राचं आजही म्हणणं असं की सांगण्यात चूक नव्हती, 'तिला कळू देऊ नका' हे वेगळं सांगायला हवं होतं. अरे, हे वेगळं सांगावं लागतं? त्यावर आमचं आजही वाजतं. माझं म्हणणं सरळ आहे: बुकिंगच्या शेऱ्यात लिहिलेली गोष्ट गुपित राहत नाही, ती त्या शिफ्टला असलेल्या प्रत्येकाची होते. तुम्ही बोलता एकाशी, त्या दिवशी समोर येतो दुसराच.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे. लग्नाचा विषय तुमच्यात आधी निघालेला आहे, हे धरून चालतो.

जागा निवडताना फोटो पाहू नका, आवाज ऐका. उंच छत, काचा आणि दगडी फरशी दिसली की समजा गोंगाट होणार. पडदे, गालिचे, जाड टेबलक्लॉथ असतील तिथे आवाज जिरतो. दोन माणसांचं साधं बोलणं साधारण 60 डेसिबलचं असतं आणि भरलेलं रेस्टॉरंट सहज 80 च्या आसपास जातं. गोंगाटात माणूस नकळत आवाज चढवतो, हे एतिएन लोंबार नावाच्या फ्रेंच डॉक्टरने 1911 मध्येच मांडलं होतं. एका टेबलाने आवाज चढवला की शेजारचं चढवतं, आणि तुम्हाला आयुष्यातलं सर्वांत हळू बोलायचं वाक्य ओरडून बोलावं लागतं. म्हणून आधी एकदा जाऊन या, आणि ज्या वारी, ज्या वेळी जाणार त्याच वारी, त्याच वेळी. दुपारी रिकामं रेस्टॉरंट बघून काहीही कळत नाही.

टेबल भिंतीकडचं घ्या. किचन, वॉशरूम आणि मुख्य दार यांपासून लांब. खिडकीचा हट्ट असेल तर ती पश्चिमेची आहे का बघा. मावळतीचं ऊन थेट तिच्या डोळ्यांत जातं, आणि अंधार पडल्यावर त्याच काचेत बाहेरचं काही न दिसता तुमचीच घाबरलेली चेहरेपट्टी दिसते. टेबलाचा नंबर विचारून ठेवा. 'छान टेबल द्या' या विनंतीला काही अर्थ नसतो.

शनिवार टाळा. 14 फेब्रुवारी तर टाळाच. फोन दुपारी तीन ते पाचच्या मध्ये करा, तेव्हा त्यांना तुमचं ऐकायला सवड असते. आदल्या दिवशी परत एकदा खात्री करा. ऑनलाइन बुकिंग करणार असाल तर मेसेज कुठल्या फोनवर, कुठल्या मेलवर येतो ते पाहा. दोघांचं खातं एकच असेल तर रेस्टॉरंटवाल्याला दोष देण्यात अर्थ नाही.

अंगठी गोड पदार्थात किंवा ग्लासात टाकायची कल्पना ज्याची असेल त्याचा सल्ला परत घेऊ नका. दात तुटतो, घशात अडकते. आणि विचारायचं ते जेवणाआधी विचारा. नंतर विचारणाऱ्याला घास गिळवत नाही.

टाळ्या, गाणं, सगळ्यांसमोर गुडघ्यावर बसणं, हे मला मुळातच पटत नाही. चारचौघांच्या नजरा लागलेल्या असताना माणूस भिडेपोटी हो म्हणतो. जिथे तिला 'थोडा वेळ दे' म्हणून शांतपणे जेवता येईल, ती जागा चांगली.

हां, तुमच्या मैत्रिणीला गर्दीचा सोहळाच आवडत असेल तर वरचं अर्धं उत्तर सोडून द्या. आणि फुलं वगैरे आधीपासून ठेवायची असतील तर सांगावं लागणारच. मग प्रत्यक्ष जा, त्या दिवशी ड्यूटीवर असणाऱ्या मॅनेजरलाच भेटा, आणि बुकिंगपुढे 'वाढदिवस' लिहायला सांगा.

हे सगळं बायकोला वाचून दाखवलं. ती मित्राच्याच बाजूची निघाली. म्हणाली, अंगठी पाच महिने बॅगेत घेऊन फिरत होतास, तो मुलगा बोलला नसता तर अजून मेनूकार्डच वाचत असतास.